कापडी छपराखालचा बाजार : ॲरिझोनातील जुन्या मोटारींचे लिलाव आणि जानेवारी २०१०चे वादळ

जुन्या मोटारींचा जाहीर लिलाव हा अमेरिकेत स्वतंत्र धंदा म्हणून १९७१च्या सुमारास उभा राहिला आणि पुढच्या चार दशकांत त्याला जे रूप आले, त्यात उघड्या मैदानाचा व कापडी मांडवाचा वाटा मोठा होता. चित्रे, जडजवाहीर आणि दुर्मीळ ग्रंथ यांचे लिलाव लंडन-न्यूयॉर्कच्या बंदिस्त दालनांत वाढले. मोटारींचा लिलाव मात्र शेतीची अवजारे, गुरेढोरे आणि जमिनी यांच्या लिलावांतून निघाला, आणि लक्षावधी डॉलरच्या वस्तू विकू लागल्यावरही त्याने ही जन्मखूण टाकली नाही. २१ जानेवारी २०१०च्या संध्याकाळी ॲरिझोना राज्यात, स्कॉट्सडेलच्या वेशीवर ‘रूसो अँड स्टील’ या लिलावगृहाचे मांडव वादळात कोसळले आणि त्यांखाली उभ्या असलेल्या अनेक मोटारींची नासधूस झाली. ही घटना समजून घ्यायची तर हा बाजार त्या वाळवंटात का भरत होता आणि त्याचे छप्पर कापडाचे का होते, हे आधी पाहावे लागते.

जुन्या मोटारी जपणाऱ्यांची चळवळ अमेरिकेत लिलावांहून बरीच जुनी आहे. फिलाडेल्फिया येथे १९३५ साली ‘अँटीक ऑटोमोबाइल क्लब ऑफ अमेरिका’ ही संस्था निघाली, आणि १९५२ साली स्थापन झालेल्या ‘क्लासिक कार क्लब ऑफ अमेरिका’ने आरंभी १९२५ ते १९४२ या काळातील निवडक, महागड्या आणि थोड्याच संख्येने बांधल्या गेलेल्या मोटारींना ‘क्लासिक’ हे नाव राखून ठेवले. हा शब्द पुढे सैल होऊन कोणत्याही देखण्या जुन्या मोटारीला लागू झाला, आणि या लेखात तो त्याच सैल अर्थाने आला आहे. खरेदी-विक्री त्या काळी मुख्यतः पत्रव्यवहाराने, १९५४ साली सुरू झालेल्या ‘हेमिंग्ज मोटर न्यूज’ या जाहिरातपत्रातून, किंवा पेनसिल्व्हेनियातील हर्शी या गावी १९५५पासून भरणाऱ्या शरदातील मेळाव्यातून होत असे. हर्शीचा मेळावा गवताळ मैदानांवर भरे, ऑक्टोबरातला पाऊस तेथे वारंवार गाठे, आणि चिखल तुडवत कार्ब्युरेटर, दिवे, चाकांच्या आऱ्या व नावाच्या पितळी पट्ट्या धुंडाळणे ही त्या मेळाव्याची ओळखच होऊन बसली होती. ती मैदाने डांबरी झाली ती फार पुढे. पावसाने त्या मालाचे विशेष बिघडत नसे, कारण विकायला आलेली वस्तू बहुधा आधीच गंजलेली असे आणि घेणारा ती आपल्या हाताने दुरुस्त करण्यासाठीच घेत असे. जुनी मोटार ही दुरुस्तीची वस्तू होती तोवर हवामान हा गैरसोयीचा विषय होता. ती गुंतवणुकीची वस्तू झाल्यावर तोच विषय जोखमीचा झाला.

हे स्थित्यंतर प्रथम इंडियाना राज्यातील ऑबर्न या लहान गावात घडले. ऑबर्न, कॉर्ड आणि ड्यूसेनबर्ग ही तीन नावे एका उद्योगसमूहाखाली आणणाऱ्या कंपनीचे मुख्यालय या गावी होते; हा समूह १९३७ साली मोडला, पण गावाने आपल्या मोटारींचा उत्सव १९५६पासून चालू ठेवला. जमिनी व शेतीमाल यांचे लिलाव पुकारणाऱ्या तेथील क्रूझ कुटुंबाने १९७१ साली या उत्सवाला मोटारींच्या लिलावाची जोड दिली, आणि ग्रामीण अमेरिकेतील लिलावदारांची न थांबता, एका लयीत किंमत चढवत नेण्याची पद्धत मोटारींच्या बाजारात आली. सप्टेंबरच्या आरंभीची सुट्टी, मोकळे रान, तात्पुरते मांडव आणि मोटार स्वतःच्या इंजिनावर चालत चौथऱ्यापर्यंत येणे, हा या लिलावाचा ठरलेला घाट झाला. दालनातल्या लिलावात वस्तू स्थिर असते आणि माणसे बसलेली असतात; येथे वस्तू आवाज करत, धूर सोडत येते आणि माणसे तिच्याभोवती फिरतात, वाकून खाली पाहतात, दार उघडून बघतात. या मोकळेपणाला भिंती सोसत नाहीत.

ऑबर्नच्या उत्सवात ज्या ड्यूसेनबर्ग मोटारीचे नाव मानाने घेतले जाते, तिच्याशी मराठी वाचकांचे एक खरे नाते आहे. त्या काळी कारखाना केवळ चासी आणि इंजिन देई व बॉडी वेगळा कारागीर बांधे; इंदूरचे महाराज दुसरे यशवंतराव होळकर यांनी १९३०च्या दशकाच्या मध्यास मागवलेल्या ‘एसजे’ जातीच्या ड्यूसेनबर्गची बॉडी लंडनच्या गर्नी नटिंग या कारागीरसंस्थेने बांधली आणि ती केशरी व काळ्या रंगांत रंगवली. पुढे ही मोटार अमेरिकेत परतली आणि तेथील संग्राहकांत सर्वांत नावाजलेल्या ड्यूसेनबर्गांपैकी एक गणली गेली. संस्थाने विलीन झाल्यावर भारतातील राजेरजवाड्यांच्या अनेक मोटारी अशाच मार्गाने परदेशी गेल्या, आणि अखेर भारत सरकारला जुन्या मोटारींच्या निर्यातीवर निर्बंध घालावे लागले. अमेरिकेतील लिलावमंडपात उभी असणारी मोटार अनेकदा कोणत्या ना कोणत्या दूरच्या घराण्याच्या, गावाच्या किंवा कारागिराच्या इतिहासाचा अखेरचा दुवा असते, हे ध्यानात ठेवूनच तिच्यावर पडलेल्या खांबाचा विचार केला पाहिजे.

स्कॉट्सडेलची गोष्ट ऑबर्नहून निराळी आहे, कारण या गावाचा मोटारी बनवण्याशी काही संबंध नव्हता. फीनिक्सच्या पूर्वेला १८८८च्या सुमारास वसलेली ही वस्ती १९५१ साली नगर म्हणून नोंदली गेली, तेव्हा तिची लोकसंख्या दोन हजारांच्या आसपास होती; तिला मोठे केले ते उत्तरेकडच्या बर्फाळ राज्यांतून हिवाळ्यापुरत्या येणाऱ्या श्रीमंत पाहुण्यांनी. टॉम बॅरेट आणि रस जॅक्सन या दोघा मोटारप्रेमींनी १९६७ साली गावातील कलाकेंद्र व ग्रंथालय यांच्या मदतीसाठी ‘फिएस्टा दे लोस आउटोस एलेगांतेस’ या स्पॅनिश नावाचे मोटारींचे प्रदर्शन भरवले आणि १९७१ साली आपला पहिला लिलाव पुकारला. थोड्याच काळात स्कॉट्सडेलचे नाव देशभर झाले. १९७३च्या जानेवारीत हिटलरच्या वापरातील म्हणून सांगितली गेलेली एक मर्सिडीज ७७०के तेथे १,५३,००० डॉलरला विकली गेली, आणि जुन्या मोटारीला मिळालेली ही त्या वेळची अपूर्व किंमत वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांचा विषय झाली.

या स्थळाची निवड हवामानाने केली होती, असे म्हणणे अतिशयोक्तीचे ठरणार नाही. फीनिक्स परिसरात वर्षभरात सरासरी २०० मिलिमीटरच्या आतच पाऊस पडतो, तर मुंबईत तो २,००० मिलिमीटरच्या वर जातो; हवेत ओल नाही, आणि उत्तरेकडच्या राज्यांत बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यांवर टाकतात ते मीठही नाही. मोटारीच्या पत्र्याचे दोन्ही मोठे शत्रू जेथे नाहीत, तेथे चाळीस वर्षांपूर्वीची मोटारही खालून कोरडी व निरोगी सापडते, आणि ‘आयुष्यभर ॲरिझोनात राहिलेली’ एवढे वर्णन तिची किंमत वाढवते. उन्हाने आतले गाद्यांचे कापड विरते, रबर तडकते, डॅशबोर्डला भेगा जातात, परंतु चासी टिकते. त्यात जानेवारीतले दिवस लख्ख आणि उबदार असतात, देशाचा निम्मा भाग बर्फाखाली असतो आणि पैसेवाले पाहुणे गावात उतरलेले असतात. मोटार जपणारे हवामान आणि गिऱ्हाईक आणणारे हवामान एकच निघाले, आणि या योगावर पुढचा सगळा बाजार उभा राहिला.

बॅरेट-जॅक्सनचा लिलाव १९८९ साली शहराच्या उत्तरेकडील ‘वेस्टवर्ल्ड’ या घोड्यांच्या प्रदर्शनांसाठी राखलेल्या विस्तीर्ण पटांगणात गेला आणि १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात दूरचित्रवाणीवरून त्याचे थेट प्रक्षेपण होऊ लागले. त्यामुळे, ज्यांनी कधी जुनी मोटार विकत घेण्याचा विचार केला नव्हता अशी माणसे या बाजाराचे प्रेक्षक झाली, आणि प्रेक्षकांतून बोलीदार निघाले. १९६०च्या दशकाच्या मध्यापासून १९७०च्या आरंभापर्यंत बांधल्या गेलेल्या, मध्यम आकाराच्या बॉडीत अवाढव्य इंजिन बसवलेल्या ज्या अमेरिकी मोटारींना ‘मसल कार’ म्हणतात, त्यांच्या किमती या काळात झपाट्याने चढल्या, कारण त्या ज्यांच्या तारुण्यातल्या होत्या ती पिढी आता धनवान झाली होती. एका लिलावाच्या आधाराने दुसरे आले. आरएम हे कॅनडातील लिलावगृह फीनिक्सच्या जुन्या बिल्टमोर हॉटेलात उतरू लागले. २००८पासून गुडिंग अँड कंपनीने स्कॉट्सडेलच्या मोठ्या बाजारसंकुलाच्या आवारात मांडव घातला. आणि ड्रू अल्काझार यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या रूसो अँड स्टीलने या शतकाच्या आरंभी स्वतःची निराळी शैली घेऊन प्रवेश केला. एकाच आठवड्यात पाच-सहा लिलाव आणि हजारोंनी मोटारी, असे जानेवारीचे रूप ठरून गेले.

रूसो अँड स्टीलची शैली मुद्दाम सांगण्याजोगी आहे. इतरत्र मोटार उंच मंचावर चढवली जाई आणि बोलीदार समोर खुर्च्यांवर बसत. येथे मोटार जमिनीच्या पातळीवर, मधोमध येऊन थांबे आणि चारही बाजूंनी चढत्या पायऱ्यांवर माणसे तिला वेढून उभी राहत. मल्लांच्या हौद्याभोवती गर्दी दाटावी तशी ती दाटे, आणि लिलावदाराचे मदतनीस बोलीदारांच्या अगदी जवळ जाऊन त्यांना पुढच्या आकड्यासाठी उठवत. हा अनुभव देण्यासाठी विशाल, विनाखांब जागा हवी होती, तिच्या भोवती शेकडो मोटारी रांगेने उभ्या करायला छायेची लांबलचक दालने हवी होती, आणि हे सारे वर्षातून पाच-सहा दिवसच हवे होते. पक्की इमारत बांधणे अशा वापरासाठी कोणालाही परवडणारे नव्हते. ॲल्युमिनियमच्या किंवा पोलादाच्या सांगाड्यावर प्लास्टिकचा मुलामा दिलेले पॉलिस्टरचे कापड ताणून केलेला मांडव भाड्याने मिळतो, काही दिवसांत उभा राहतो आणि तितक्याच दिवसांत उतरतो. म्हणून शहराच्या कडेला, लूप १०१ या महामार्गाला लागून असलेल्या मोकळ्या जमिनीवर हा मांडव घातला जाई.

ॲरिझोनात वादळे म्हटली की लोकांच्या डोळ्यांसमोर जुलै ते सप्टेंबर या काळातला तेथला मान्सून आणि धुळीच्या भिंती येतात. जानेवारी हा त्या मानाने निर्धोक महिना मानला जातो. तरीही हिवाळ्यात प्रशांत महासागरावरून येणारी वादळे अधूनमधून या भागापर्यंत पोहोचतात, आणि महासागराच्या विषुववृत्तीय पट्ट्यातले पाणी नेहमीपेक्षा तापते त्या, म्हणजे एल निन्योच्या, वर्षी उंचावरील वेगवान वाऱ्यांचा पट्टा दक्षिणेकडे सरकल्यामुळे त्यांची वाट अधिक मोकळी होते. २००९-१०चा हिवाळा असा होता. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात एकामागून एक वादळे अमेरिकेच्या नैर्ऋत्य भागावर आली. उत्तर ॲरिझोनाच्या पठारावर काही फूट बर्फ साचला, आणि २१ तारखेला आलेल्या सर्वांत जोरदार वादळाच्या वेळी या प्रदेशातील अनेक ठिकाणी हवेचा दाब आजवरच्या नोंदींत सर्वांत खाली गेला. दाब जितका खोल तितका वारा जोरकस, हा सर्वसाधारण नियम येथे लागू पडला. लिलावाचा आठवडा आणि वादळांचा आठवडा एकच आला.

कापडी मांडव वाऱ्यात का टिकत नाही, याची कारणे साधी पण निष्ठुर आहेत. वाऱ्याचा दाब त्याच्या वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. त्यामुळे दिवसभर शांतपणे सोसलेल्या वाऱ्यापेक्षा थोडा अधिक जोराचा एकच झोत सांगाड्याला हादरवायला पुरतो. छतावरून वाहणारा वारा त्याला वर उचलू पाहतो, आणि एखाद्या बाजूचा पडदा फाटून वारा आत शिरला तर आतला दाब त्या उचलण्याला हातभार लावतो. मांडवाला खाली धरून ठेवतात त्या जमिनीत ठोकलेल्या मेखा किंवा जड वजने. कित्येक दिवसांच्या पावसाने माती भिजली की मेखांची पकड सैल होते, आणि एक पाय सुटला की त्याच्यावरचा भार शेजारच्या पायांवर जाऊन ओळच्या ओळ पडत जाते. नुकसान कापडाने होत नाही. ते होते सुटलेल्या खांबांनी व तुळयांनी, कारण कापड अजून वारा धरून असते आणि त्याला जोडलेले धातूचे अवयव मोटारींवर एकदा पडून थांबत नाहीत, तर वाऱ्याच्या प्रत्येक झोताबरोबर पुन्हा पुन्हा आपटत राहतात.

त्या संध्याकाळी असेच घडले. मांडवांचे काही भाग उखडून महामार्गावर जाऊन पडले आणि तो वाहतुकीसाठी बंद करावा लागला. माणसांच्या जिवावर बेतले नाही, ही या प्रसंगातली सर्वांत मोलाची बाब होय. एवढा मोठा सांगाडा भरगच्च गर्दीच्या वेळी कोसळता तर हा लेख मोटारींविषयी लिहिता आला नसता. मैदान सुरक्षित आहे याची खात्री होईपर्यंत अधिकाऱ्यांनी कोणालाही आत सोडले नाही, आणि मोटारींच्या मालकांना आपली मोटार वाचली की नाही हे कळण्यासाठी वाट पाहण्यापलीकडे काही करता आले नाही. दुसऱ्या दिवशी प्रसिद्ध झालेल्या छायाचित्रांत ओल्या पांढऱ्या कापडाच्या घड्यांतून बॉनेट आणि चाके डोकावताना दिसतात, टपांवर आडवे पडलेले खांब दिसतात, फुटलेल्या काचा दिसतात. तरीही लिलाव रद्द झाला नाही. पडझड आवरून, वाचलेल्या मोटारी घेऊन तो त्याच आठवड्याच्या शेवटाकडे पुन्हा सुरू करण्यात आला. धंद्याच्या दृष्टीने हे धैर्याचे होते, आणि विक्रीसाठी दूरवरून आलेल्या शेकडो मालकांच्या दृष्टीने आवश्यकही होते.

अशा नुकसानीचे मोजमाप हा या घटनेतला सर्वांत विचार करण्याजोगा भाग आहे. रोजच्या वापरातल्या मोटारीचा टप चेपला तर डेंटिंग-पेंटिंगचा खर्च म्हणजेच नुकसान, असे मानता येते. जुन्या मोटारीच्या बाबतीत दोन निरनिराळ्या जाती कराव्या लागतात. पहिली जात पुनर्बांधणी केलेल्या मोटारींची : ज्यांचा पत्रा उघडा करून, सरळ करून, नव्याने रंगवून, गाद्या नव्याने शिवून त्या कारखान्यातून निघाल्या असतील तशा, किंवा त्याहूनही चकचकीत, केलेल्या असतात. त्यांच्यावर खांब पडला तर ज्या हातांनी एकदा काम केले ते हात पुन्हा तेच काम करू शकतात. खर्च प्रचंड येतो, वेळ जातो, पण वस्तू परत मिळते. दुसरी जात कधीच न उघडलेल्या, मूळ रंगाच्या मोटारींची. त्यांच्या पत्र्यावरचा रंग कारखान्यातील कामगाराने फवारलेला असतो, टाके पहिल्या शिवणाऱ्याचे असतात, आणि या गोष्टी एकदा गेल्या की पैसा ओतूनही त्यांची केवळ नक्कल मिळते. रंगाच्या थराची जाडी उपकरणाने मोजणारा, चासीवरचा व इंजिनावरचा क्रमांक कारखान्याच्या नोंदींशी जुळतो की नाही हे तपासणारा गिऱ्हाईक हा फरक लगेच ओळखतो आणि आपली बोली त्याप्रमाणे खाली आणतो. दुरुस्तीचे बिल पूर्ण फेडले गेले तरी बाजारमूल्यातली ही घट उरतेच.

नुकसान कोणी सोसायचे, हा प्रश्न कायद्याने जुन्या काळापासून हाताळला आहे, आणि मोटारीची वेळ त्याचे उत्तर ठरवते. विक्रीसाठी आणलेली मोटार लिलावगृहाच्या ताब्यात असते पण मालकी मूळ मालकाचीच राहते. विशिष्ट हेतूने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेल्या वस्तूच्या या नात्याला इंग्रजी परंपरेच्या कायद्यात स्वतंत्र स्थान आहे, आणि १८७२च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १४८ ते १७१मध्ये तेच तत्त्व आलेले आहे. कलम १५१ सांगते की वस्तू ताब्यात घेणाऱ्याने सामान्य सुज्ञ माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घेतली पाहिजे, आणि कलम १५२ सांगते की एवढी काळजी घेऊनही नुकसान झाले तर, वेगळा करार नसल्यास, तो जबाबदार नाही. अमेरिकी कायद्याची दिशाही सामान्यतः हीच असल्याने सारा वाद ‘सामान्य काळजी’ या दोन शब्दांवर येऊन ठेपतो : अनेक दिवस आधी वर्तवलेल्या वादळाला दैवी आपत्ती म्हणता येते का, मांडव किती वेगाच्या वाऱ्यासाठी आखला होता, मोटारी हलवायला वेळ होता का. ज्या मोटारीवर हातोडा पडलेला आहे तिची स्थिती आणखी अवघड असते. हातोडा पडताच विक्री पूर्ण होते, हे तत्त्व अमेरिकेच्या व्यापारी संहितेत आहे आणि भारताच्या १९३०च्या मालविक्री कायद्याच्या कलम ६४मध्येही आहे. मग दुपारी विकली गेलेली आणि संध्याकाळी मांडवाखाली चेपलेली मोटार कोणाची, याचे उत्तर करारपत्रातल्या बारीक अक्षरांत शोधावे लागते. बोली लावताना ती अक्षरे फार थोडे लोक वाचतात.

विम्याने या प्रश्नाचा काही भाग सोडवला आहे. साधारण मोटारीच्या विम्यात वय वाढेल तशी किंमत घटत जाते, त्यामुळे पन्नास वर्षांच्या मोटारीला जवळजवळ काहीच मूल्य उरत नाही. जुन्या मोटारींसाठी म्हणून विमा कंपनी व मालक यांनी आधीच एक रक्कम मान्य करून ठेवण्याची पद्धत रूढ झाली. मिशिगनमधील हॅगर्टी ही संस्था १९८४ साली लाकडी नौकांच्या विम्यासाठी निघाली आणि १९९१पासून मोटारींकडे वळून तिने ही पद्धत मोठ्या प्रमाणावर पसरवली. भारतातही मोटार विम्याच्या नियमांत पाच वर्षांहून जुन्या वाहनाचे मूल्य दोन्ही पक्षांनी आपसांत ठरवायचे असते. परंतु मान्य रक्कम मिळते ती मोटार पूर्ण गेली तर. केवळ टप चेपून मूळ रंग गेला, तर भरपाई दुरुस्तीच्या खर्चाचीच होते. विम्याची भाषा पूर्ण नाश आणि दुरुस्ती एवढीच जाणते, आणि अस्सलपणाचा नाश या दोहोंच्या मधल्या फटीत पडतो.

स्कॉट्सडेलमध्ये चेपलेल्या पत्र्यांचे पंचनामे चालू असतानाच, २३ जानेवारी २०१० रोजी, पॅरिसमधील रेत्रोमोबील या प्रदर्शनात बॉनहॅम्स या लिलावगृहाने १९२५ची एक बुगाटी ब्रेशिया विकली. ही मोटार १९३०च्या दशकात स्वित्झर्लंड व इटलीच्या सीमेवरील माज्जोरे सरोवरात बुडवली गेली होती. आयातकर न भरल्यामुळे जकात अधिकाऱ्यांनी ती पाण्यात सोडली, असे सांगितले जाते. ५० मीटरहून अधिक खोलीवर सात दशके पडून राहिलेली ही मोटार जुलै २००९मध्ये पाणबुड्यांनी वर काढली तेव्हा तिची एक बाजू गंजून खाऊन गेली होती. तिला २,६०,५०० युरो मिळाले, आणि कॅलिफोर्नियातील मलिन संग्रहालयाने ती दुरुस्त न करता, सरोवरातून आली तशीच मांडली. एकाच आठवड्यात एका खंडावर मांडवाच्या खांबाने पडलेल्या खोचेने किंमत कोसळत होती आणि दुसऱ्या खंडावर सत्तर वर्षांच्या पाण्याने केलेल्या विध्वंसाला किंमत मिळत होती. यात विसंगती नाही. बुगाटीवरचा गंज हा तिच्या घडलेल्या इतिहासाचा पुरावा होता, तर मांडवाखालची खोच तिच्या आधीचा पुरावा पुसत होती. एकच नाश स्मरण निर्माण करतो की स्मरण नष्ट करतो, हे त्याला किती काळ लोटला यावर फार अवलंबून असते.

त्यानंतरच्या वर्षांत बाजार या बाजूने सरकत गेला. फ्लोरिडात ऑगस्ट २००४मध्ये आलेल्या चार्ली या चक्रीवादळाने एका संग्राहकाच्या गोदामाचे छप्पर उडवले आणि आत ठेवलेल्या फेरारी मोटारींचे नुकसान केले. त्या मोटारी दुरुस्त न होता वर्षानुवर्षे पडून राहिल्या, आणि ऑगस्ट २०२३मध्ये आरएम सदबीज या लिलावगृहाने कॅलिफोर्नियातील माँटेरी येथे अशा २० फेरारी त्याच धुळीसह विकायला काढल्या. त्यांत १९५४च्या ५०० माँडियल जातीच्या मोटारीचा सांगाडा होता. ती वादळाच्या कितीतरी आधी, शर्यतीच्या काळातच जळालेली होती आणि तिच्या बॉडीचा पिळवटलेला पत्रा एवढाच उरला होता. तिला १८,७५,००० डॉलर मिळाले, कारण चासीचा क्रमांक आणि त्यामागची वंशावळ शाबूत होती. केंटकीतील कॉर्व्हेट संग्रहालयानेही असाच विचार केला : १२ फेब्रुवारी २०१४ रोजी इमारतीखालची जमीन खचून आठ मोटारी खड्ड्यात गेल्या, तेव्हा तीन दुरुस्त करून उरलेल्या पाच चेपलेल्या अवस्थेतच ठेवण्यात आल्या. पक्क्या छपराखालीही विनाश येतो, एवढे तरी या घटनेने दाखवले.

या बदलाला विचाराचीही बैठक मिळाली. जुन्या वाहनांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने तयार केलेल्या तुरिन सनदेने वास्तूंच्या जतनाचे तत्त्व वाहनांना लावले आणि शक्य तितके कमी बदलावे, जे बदलले ते नोंदवावे, असा आग्रह धरला. भारतातही केंद्र सरकारच्या २०२१च्या नियमांनी ५० वर्षांहून जुन्या वाहनाला ‘विंटेज’ म्हणून ‘व्हीए’ या अक्षरांची वेगळी नोंदणी दिली, आणि त्यासाठी चासी, बॉडी व इंजिन यांत मोठा फेरबदल झालेला नसावा अशी अट घातली. कॅलिफोर्नियातील पेबल बीच येथे १९५०पासून भरणाऱ्या सौंदर्यस्पर्धेत दशकानुदशके आरशासारख्या रंगवलेल्या मोटारीच जिंकत आल्या होत्या. २०२४ साली तेथे सर्वोच्च मान १९३४च्या बुगाटी टाइप ५९ला, म्हणजे पुनर्बांधणी न केलेल्या मोटारीला, प्रथमच मिळाला. बेल्जियमचे राजे तिसरे लिओपोल्ड यांच्याकडे असताना तिला चढलेला काळा रंग आणि पिवळा पट्टा तसाच होता, जागोजागी उडालेला.

स्कॉट्सडेलचा जानेवारीचा आठवडा मात्र आजही भरतो, आणि त्याचा मोठा भाग आजही मांडवांखालीच असतो. वेस्टवर्ल्डमधील घोड्यांच्या रिंगणाची इमारत २०१०नंतरच्या दशकात बंदिस्त व वातानुकूलित करण्यात आली, त्यामुळे तेथील काही मोटारींना खरे छप्पर लाभले; पण त्या इमारतीबाहेर रांगेने उभ्या असणाऱ्या मोटारी संख्येने कितीतरी अधिक असतात. ज्या बाजाराने मूळ रंगाच्या एका थराला लाखो डॉलरचा भाव दिला, त्याने त्या थराच्या रक्षणासाठी मेखा, वजने आणि हवामानाचा अंदाज यांवरच भिस्त ठेवावी, हे खटकणारे आहे. पुनर्बांधणी केलेल्या मोटारी उघड्यावर मांडायला फारशी हरकत नाही. कधीच न उघडलेल्या मोटारींची गोष्ट वेगळी आहे. त्या पक्क्या इमारतीत ठेवाव्यात आणि बोलीच्या वेळेपुरत्याच बाहेर आणाव्यात, हा लिलावगृहांना सहज पाळता येण्याजोगा भेद आहे, आणि त्याचा खर्च त्या मोटारींच्या किमतीपुढे अगदी थोडा आहे.